मर्तिकाची वाद्ये आणि शोकाचे धनी

गेल्या वर्षी पाच डिसेंबरच्या संध्याकाळची गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारापुढे मंडप घातलेला होता. रात्री अभिवादनाची गाणी, ती आटोपली की मिळेल त्या लोकलने दादर, हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या रात्री रेल्वे जादा गाड्या सोडते, तरी डब्यात पाय ठेवायला जागा नसते. मी कार्यक्रमाच्या समितीत आहे. समितीत असणे म्हणजे खुर्च्या मोजणे, माइकवाल्याला फोन करणे आणि भांडणे मिटवणे. त्या दिवशी एक भांडण मिटवण्याऐवजी मी गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे.

भांडण असे. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी क्लॅरिनेट वाजवतो. घर मातंगाचे. आजोबा गावात हलगी आणि सनई वाजवीत, वडील उल्हासनगरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, आणि आता मुलगाही त्यांच्याबरोबर जातो. लग्नसराई लागली की तो वर्गात दिसत नाही आणि दिसला तर मागच्या बाकावर पेंगत असतो. त्या रात्री तो गायकांच्या साथीला बसणार होता. पण त्याच सकाळी त्याने बँडबरोबर एका पैसेवाल्या घरच्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत वाजवले होते. वस्तीतल्या कोणीतरी ते पाहिले. समितीतल्या दोघातिघांनी लगेच ठरवून टाकले, की बाबासाहेबांनी जे काम सोडायला लावले ते जो करतो तो सहा डिसेंबरच्या मंचावर बसणार नाही. बाकीचे गप्प राहिले. मीही.

मुलगा चिडला नाही. मंडपाच्या मागे जनरेटरजवळ मला गाठून त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

“सर, हे ऐका. मयताचंच आहे ना हे?”

मी ऐकले. मोत्सार्टचा रेक्विएम होता.

“हो.”

“सुरुवातीला जे वाजतंय ना, ते आमच्या क्लॅरनेटच्याच जातीचं हाय.” मग थोडा थांबून म्हणाला, “सर, मयताला वाजवणं हलकं काम, हे मला मान्य. मग ह्यांचं हलकं का नाही? हे कोट घालून वाजवतात, लोक उभं राहून टाळ्या देतात. मी वाजवून घरी गेलो की आई उंबऱ्याच्या बाहेर पाण्याची बादली ठेवते. तेच मयत, तेच सूर.”

मी इतिहास शिकवतो. वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मी एक तास बोललो असतो. जनरेटरच्या आवाजात मला एवढेच सुचले, “बघू.” नंतर जे बघितले ते येथे मांडतो.

त्याने मला दाखवलेली चित्रफीत साधी नव्हती. १९ जून १९९४ रोजी बोस्नियाच्या सारायेव्हो शहरात झालेला तो कार्यक्रम होता. शहराला वेढा पडून दोन वर्षे झाली होती. ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी तिथले राष्ट्रीय ग्रंथालय जळाले, लाखो पुस्तकांची राख झाली. त्याच ग्रंथालयाच्या छप्पर उडालेल्या सांगाड्यात हा रेक्विएम गायला-वाजवला गेला. वाद्यवृंद त्याच शहराचा, गाणारा समूह तिथल्याच कॅथेड्रलचा. होसे कारेरास यांच्यासारखे काही एकल गायक तेवढे बाहेरून आलेले. आणि संचालन करणारा माणूस मुंबईचा. झुबिन मेहता यांचा जन्म मुंबईतला, १९३६ चा. त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. वेढा त्यानंतरही फेब्रुवारी १९९६ पर्यंत उठला नाही. म्हणजे जे गात होते ते मागे पडलेल्या दुःखाचे स्मरण करीत नव्हते. त्यांची माणसे त्याही आठवड्यात मरत होती.

वाचकांपैकी पुष्कळांना ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलक आणि चमकीचा शर्ट घातलेला निवेदक डोळ्यांपुढे येईल. मलाही कॉलेजात जाईपर्यंत या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता, आणि त्याची लाज वाटण्याचे काही कारण आता दिसत नाही. इथे मात्र अर्थ वेगळा: सारंगीच्या कुळातली गजाने वाजवायची वाद्ये, फुंकायची वाद्ये, मोठे नगारे, आणि त्यांच्यामागे उभा राहून गाणारा मोठा समूह. रेक्विएम ही मुळात कॅथलिक ख्रिस्ती पंथाची मृतांसाठी करायची प्रार्थना. लॅटिनमधला पहिलाच शब्द विश्रांती मागणारा, त्यावरून हे नाव पडले. मेलेल्याला शांती दे, त्याचे पाप मोजताना दया कर, अशी ती याचना. मधला मोठा भाग शेवटच्या निवाड्याच्या दिवसाचा, देवाच्या कोपाचा. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा. गंमत अशी, की १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर खुद्द चर्चनेच तो कोपाचा भाग अंत्यविधीतून काढून टाकला. रंगमंचावर तो अजून गातात, कारण संगीत फार मोठे आहे.

आता मोत्सार्टकडे येतो, कारण मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. आज ज्याच्या नावाने सभागृहे भरतात तो माणूस साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या पदरी नोकर होता. १७८१ मध्ये व्हिएन्नातून बापाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या जेवणाच्या पंगतीचे वर्णन केले आहे: आर्चबिशपचे दोन खासे नोकर वरच्या जागेवर, मग संगीतकार, आणि त्यांच्या खाली स्वयंपाकी. पंगतीत कोण कुठे बसतो यावरून माणसाची पायरी ठरते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी तो नोकरी सोडायला निघाला तेव्हा आर्चबिशपच्या एका सरदाराने त्याला लाथ मारून बाहेर काढले.

दहा वर्षांनी, १७९१ मध्ये, त्याच्याकडे एका अनोळखी मध्यस्थामार्फत रेक्विएम रचण्याचे काम आले. काम देणारा काउंट वालझेक. त्याची तरुण बायको त्याच वर्षी फेब्रुवारीत वारली होती. या काउंटला एक सवय होती. दुसऱ्याकडून संगीत विकत घ्यायचे, स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे आणि आपले म्हणून वाजवायचे. मोत्सार्ट ते काम पुरे करू शकला नाही. ५ डिसेंबर १७९१ च्या मध्यरात्रीनंतर तो वारला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. एक करुण भाग तर आठ मापांवरच तुटलेला राहिला. उरलेले त्याच्या हाताखालच्या झ्युसमायरने पुरे केले. मोत्सार्टला त्या काळच्या सामान्य माणसांसारखे, खूण न ठेवता पुरले. आणि डिसेंबर १७९३ मध्ये काउंट महाशयांनी ती रचना स्वतःची म्हणून स्वतःच सादर केली.

म्हणजे पोरा, त्यांचेही काम हलकेच होते. मयताला संगीत लागते, ते करणारा मात्र नोकरांच्या पंगतीत बसतो, ही व्यवस्था केवळ आपल्याच मुलखाची नव्हे. फरक आहे, आणि तो लहान नाही. युरोपात संगीतकार नोकर होता. तो नोकरी सोडू शकला, लाथ खाऊन का होईना व्हिएन्नात राहू शकला. त्याचा मुलगा नोकरच व्हावा असे कोणत्या धर्मग्रंथात लिहिलेले नव्हते. शंभरेक वर्षांत तिथल्या मध्यमवर्गाने दरबारातून संगीत उचलून तिकिटाच्या सभागृहात आणले आणि नोकराचा ‘कलावंत’ झाला. आपल्याकडे हलगीवाल्याचा कलावंत झाला नाही, कारण हलगी वाजवणे ही त्याची चाकरी नव्हती. ती त्याची जात होती.

गावातल्या मरणाची व्यवस्था कशी होती हे नव्या पिढीला एकदा नीट सांगितले पाहिजे. माझा आजा पारनेरकडचा. कुणबी-पाटलाच्या घरी कोणी मेले की सांगावा घेऊन पंचक्रोशीतल्या सोयऱ्यांकडे धावायचे काम महाराचे. पावसात, रात्री-अपरात्री, उपाशी. सांगावा दिला की त्या दारात लांब उभे राहून भाकर मागायची. सरपण वाहायचे काम महाराचे. मढ्यावरचे कापड महाराचे, आणि याला ‘हक्क’ म्हणत! वाजवायचे काम मांगाचे, कुठे होलाराचे. हलगीचे कातडे ज्या जनावराचे, ते मेलेले जनावर ओढायचे कामही ठरलेले. या सगळ्याच्या बदल्यात बलुते. आजा म्हणायचा, पाटलाच्या मयताला मी किती वेळा धावलो त्याला गणती नाही, पण माझी आई मेली तेव्हा सांगावा न्यायला मीच, खांदा द्यायला मीच. वाजवायला कोणी नव्हते. मांगाच्या मयताला वाजवणारा मांग स्वतः रडत असे, मग वाजवणार कोण?

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला पाण्याचा हक्क बजावला, तेव्हाच मेलेले जनावर ओढणे आणि असली लाचारीची कामे सोडा असेही सांगितले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. या मधल्या तीस वर्षांत गावोगाव महारांनी सांगावा न्यायला नकार दिला आणि त्यासाठी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. माझा आजा त्याच धामधुमीत गाव सोडून अंबरनाथला आला आणि इथल्या काडेपेटीच्या विमको कारखान्यात लागला. नकाराची ती किंमत मी जाणतो. समितीतल्या ज्या मित्रांनी त्या मुलाला मंचावर येऊ दिले नाही, त्यांच्याही घरात असाच एक आजा आहे. त्यांचा राग उगीच नाही.

तरी त्या रागात एक खोट आहे, आणि ती आपल्याच पानांवर लिहिली गेली पाहिजे. महाराने सांगावा सोडला तेव्हा त्याच्यासाठी गिरणी होती, गोदी होती, लष्कर होते, अंबरनाथसारख्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी होती. सगळ्यांनाच मिळाले नाही, पण वाट होती. मांगाजवळ जे होते ते त्याच्या बोटांत आणि फुप्फुसात होते. तो शहरात आला तो हलगी टाकून ताशा घेऊन आला, सनई टाकून क्लॅरिनेट घेऊन आला. त्याने वाद्य बदलले, गणवेश घातला, बलुत्याऐवजी रोख मजुरी ठरवून घेतली. आपण त्याकडे बघून म्हणालो, यांना अजून जाग आलेली नाही. लहानपणी आमच्या गल्लीत बँडवाल्यांची मुले राहत. त्यांना आम्ही ‘पिपाणी’ म्हणून चिडवायचो. चिडवणाऱ्यांत मी पुढे असे. वरच्या पायरीवरून खाली बघण्याची सवय जातिव्यवस्थेने आपल्यालाही लावली आहे, आणि दीक्षा घेतल्याने ती आपोआप सुटत नाही. आमच्या मंचावर अण्णाभाऊ साठ्यांनी बाबासाहेबांवर रचलेले गाणे दरवर्षी म्हटले जाते. अण्णाभाऊ मांगवाड्यातले. त्यांचे शब्द मंचावर चालतात आणि त्यांच्या भाऊबंदाचे क्लॅरिनेट मंचाखाली, याला काय म्हणायचे?

पण मुलाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. वाद्य परक्याचे, शब्द परक्याचे, प्रसंग परक्याचा. मग त्यातून आपला शोक कसा उभा राहील? याचे एक जबरदस्त उदाहरण इतिहासात आहे.

प्रागपासून जवळच तेरेझीन नावाचे किल्ल्याचे गाव आहे. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडले. एकंदर सुमारे ३३ हजार माणसे तिथेच उपासमारीने आणि रोगाने मेली. सुमारे ८८ हजारांना पुढे आउशवित्झसारख्या छावण्यांत मारायला पाठवले. त्या कैद्यांत राफाएल शेख्टर नावाचा संगीतकार होता. त्याच्याजवळ इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या रेक्विएमची एकच प्रत होती. व्हेर्दीने तो कोणा राजासाठी नव्हे, तर मान्झोनी या कादंबरीकाराच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी रचला आणि १८७४ मध्ये मिलानला सादर केला होता. शेख्टरने दिवसभर राबून आलेल्या कैद्यांना संध्याकाळी तळघरात, एका मोडक्या पियानोवर, एक एक ओळ घोकून घेत हा रेक्विएम पाठ करवला. कागद नव्हते, तेव्हा सगळे तोंडपाठ. दीडशेच्या आसपास माणसे जमली. सप्टेंबर १९४३ मध्ये हजारो कैदी आउशवित्झला रवाना झाले, त्यात हे गाणारेही गेले. त्याने पुन्हा नवे गोळा केले. तेही गेले. त्याने पुन्हा गोळा केले. असे सोळा वेळा सादरीकरण झाले. शेवटचे जून १९४४ मध्ये, छावणी ‘पाहायला’ आलेल्या रेड क्रॉसच्या पाहुण्यांपुढे आणि नाझी अधिकाऱ्यांपुढे. तोवर समूह साठेक माणसांवर आला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये शेख्टरलाही आउशवित्झच्या गाडीत घातले. तो परत आला नाही.

तेरेझीनमध्येही एक ‘समिती’ होती, हे वाचून मला कसेसे झाले. ज्यूंच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींचा याला विरोध होता. आपण ज्यू, आपण मरणाच्या दारात कॅथलिकांची प्रार्थना का म्हणायची, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे चुकीचे नव्हते. त्या धर्माच्या नावाने युरोपात ज्यूंचा शेकडो वर्षे छळ झाला होता. पण शेख्टरला त्या लॅटिन शब्दांत दुसरे काही दिसत होते. शेवटच्या निवाड्याचा दिवस येईल, झाकलेले सगळे उघडे होईल, काहीच शिक्षेवाचून राहणार नाही, हे ते शब्द सांगतात. चर्चमध्ये ते पापी भक्ताला भेडसावण्यासाठी म्हणतात. तेरेझीनमध्ये समोर खुर्च्यांवर नाझी अधिकारी बसलेले होते. तिथे तेच शब्द आरोपपत्र झाले. शब्द तेच, सूर तेच. कोण कोणासमोर उभे राहून गातो यावरून अर्थ उलटला.

आपल्याला हे नवे नाही. आंबेडकरी जलसेवाल्यांनी नेमके हेच केले होते. ढोलकी, तुणतुणे, झांज ही तमाशाची वाद्ये, आणि तमाशा म्हणजे पाटलाच्या करमणुकीसाठी महारा-मांगांनी नाचायचे, असा शिक्का. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तीच वाद्ये उचलली, गणपतीचे गण बाजूला सारले आणि वाडीवस्तीला बाबासाहेबांचा विचार गाऊन सांगितला. ढोलकी वाजवणे सोडले नाही. ढोलकी कोणासाठी वाजवायची ते बदलले.

आता सहा आणि सात डिसेंबर १९५६. या दोन दिवसांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधणार आहे, ती म्हणजे आवाज.

दिल्लीत सहा तारखेच्या पहाटे बाबासाहेबांचे निधन झाल्याचे उघडकीस आले. रात्री विमानाने पार्थिव मुंबईकडे निघाले, सांताक्रूझहून ते राजगृहावर आणले गेले. सात तारखेला दुपारी अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसे रस्त्यावर होती. बाबासाहेबांनी नागपुरात १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईची दीक्षा त्याच डिसेंबरच्या १६ तारखेला व्हायची होती. म्हणजे अंत्ययात्रेतल्या त्या गर्दीपैकी बहुतेकांनी अजून दीक्षा घेतलेली नव्हती. जुने विधी मनातून उतरलेले, नवे अजून पाठ नाहीत. अशा मधल्या अवस्थेत आपल्या बापाला कोणत्या शब्दांनी निरोप द्यायचा?

बावीस प्रतिज्ञांत एक प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. आपण ती ब्राह्मणाच्या दक्षिणेविरुद्धची म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिचा दुसरा अर्थ शोकाशी आहे. मेलेल्याच्या पुढच्या गतीसाठी जिवंताने कोणाकडे काही मागायचे नाही, असा तो अर्थ. रेक्विएम काय किंवा श्राद्ध काय, दोन्ही मुळात मागणे आहे. ख्रिस्ती जगातही प्रोटेस्टंटांनी मृतांसाठीची प्रार्थना नाकारली होती. त्यामुळे हॅम्बुर्गच्या गरीब वस्तीत वाढलेल्या, एका साध्या वादकाच्या मुलाने, ब्राह्म्सने, १८६८ मध्ये ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये आपला रेक्विएम सादर केला तेव्हा त्याने लॅटिन सोडली, मायबोली जर्मन घेतली आणि मेलेल्यांसाठी याचना करण्याऐवजी मागे राहिलेल्यांचे सांत्वन केले. नाव रेक्विएमचेच ठेवले, तोंड मात्र जिवंतांकडे वळवले.

सात डिसेंबरच्या संध्याकाळी दादरला जे झाले ते याच्याही पुढचे होते. चितेजवळ दादासाहेब गायकवाडांनी पुढाकार घेतला आणि भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना तिथेच धम्मदीक्षा दिली. एक लाखाहून अधिक माणसांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटले. पुढे पंजाबी मुलखातून आलेला, हिंदीत लिहिणारा भिक्खू, भाषा पालीची, आणि मागून म्हणणारे गिरणीकामगार, गोदीवाले, झाडूवाल्या बाया, अंबरनाथ-कल्याणच्या कारखान्यांतून पाळी सोडून आलेली माणसे. पाली त्यांना कळत नव्हती. सारायेव्होच्या त्या समूहाचीही मायबोली काही लॅटिन नव्हती. पण तेवढेच साम्य. या समूहाने मेलेल्यासाठी काही मागितले नाही. कोणाच्या दयेची याचना केली नाही, कोणाच्या कोपाला भ्यालाही नाही. त्यांनी स्वतः शब्द दिला: मी असा वागेन, मी हे करणार नाही. शोकाचा समूहस्वर आणि आयुष्याची प्रतिज्ञा एकाच श्वासात. आणि तिथे श्रोता नव्हता. सभागृहात गाणारे शंभर आणि ऐकणारे हजार. दादरला जो आला तो गाणाराच होता. माझा आजा तिथे होता. त्याला नंतर कोणी विचारले, की काय म्हणालात, तर तो सांगे, “काय म्हणलो ते तवा कळलं नाय. पण मोठ्यांदा म्हणलो.”

गावात दुसऱ्याच्या मयतासाठी धावणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मयताला आपला आवाज दिला, तो असा.

पुढे हे काम मराठी गाण्याने उचलले. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षर शिकलेला, मुंबईत गिरणीत राबलेला हा माणूस. १९५६ नंतरच्या त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या गाण्यांत विरह आहे, पण रडगाणे फार टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात कर्तव्याचा हिशेब मागितला जातो. विधीला पाली आणि हंबरायला मराठी, अशी वाटणी आपल्या लोकांनी कोणत्याही ठरावाशिवाय करून टाकली. अलीकडच्या डीजेच्या भिंती, सिनेमाच्या चालींवर कोंबलेले शब्द, पाकिटावर नाव घेणारे निवेदक यांच्याविषयी माझी तक्रार आहे, पण ती दुसऱ्या लेखाची. त्या गोंगाटातही एखादी म्हातारी मंडपाच्या कडेला बसून गाण्याबरोबर ओठ हलवत असते, हे मी दरवर्षी पाहतो.

तर मंडपामागच्या प्रश्नाला आता माझे उत्तर असे. मयताला वाजवणे हलके नाही. जन्माने ठरवून, नाही म्हणायची सोय न ठेवता, मढ्यावरच्या कापडाच्या मोलाने वाजवायला लावणे हलके होते, आणि तो हलकेपणा वाजवणाऱ्याचा नव्हता. ज्याने भाव ठरवून, पावती घेऊन, शिकलेल्या बोटांनी वाजवले तो मजूर आहे आणि कलावंतही आहे. त्याच्या पुढच्या पिढीला दुसरे काम निवडता यावे यासाठी आपण झटावे, ही आपली जबाबदारी. त्याला मंचाखाली बसवणे ही जबाबदारी नव्हे. उलट सहा डिसेंबरच्या मंचावर त्याच्याइतका हक्क कोणाचा? शोकाचे सूर हाताळण्याचा त्याच्या घराचा अनुभव आपल्या कुणाहीपेक्षा जुना आहे. फक्त आजवर तो दुसऱ्यांच्या शोकासाठी वापरला गेला.

मोत्सार्टच्या त्या रचनेत बासरी नाही, ओबो नाही. लाकडी फुंकवाद्यांत बॅसून आणि क्लॅरिनेटच्या कुळातले, जरा जाड आवाजाचे बॅसेट हॉर्न, एवढीच निवडलेली आहेत. मुलाचा कान खरा होता. हे मी त्याला नंतर वर्गाबाहेर सांगितले. तो म्हणाला, “मग ते वाद्य केवढ्याला मिळतं सर?” ते मला सांगता आले नाही.

त्या रात्री कार्यक्रम त्याच्याशिवाय झाला. जानेवारीच्या बैठकीत मी विषय काढला. दोघांनी मला पाठिंबा दिला, एकाने वडिलांच्या वेळची हकिगत सांगून कडाडून विरोध केला, बाकीचे मोबाइल बघत बसले. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. मुलाला मी त्या रात्री विचारले होते, की निदान आमच्याबरोबर दादरला चल. तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याला बदलापूरला लग्नाचे काम होते.